दारापासून सात टेपा

टेपबाईंचं खरं नाव आता फक्त त्यांच्या रबरी शिक्क्यावर उरलं होतं. बँकेत, नोंदणी कार्यालयात, गवंड्यांत, रंगाऱ्यांत त्या टेपबाईच. घरांची किंमत काढायची हे त्यांचं काम. कोणी घर घ्यायला कर्ज मागितलं की बँक यांना पाठवायची. या घर बघायच्या, मोजायच्या, किंमत लिहायच्या आणि खाली शिक्का उमटवायच्या. सव्वीस वर्षं हेच. बरोबरीची मंडळी हल्ली लाल ठिपक्याचं यंत्र भिंतीवर रोखून दोन मिनिटांत मोकळी व्हायची. बाई मात्र अजून कातडी डबीतली तीस मीटरची टेप खांद्याला अडकवून हिंडायच्या, आणि टेपेचं शून्याचं टोक नेहमी घरमालकाच्याच हातात द्यायच्या. "यंत्राला एक माणूस पुरतो," त्या सांगायच्या, "टेपेला दोन लागतात. एकाने लबाडी करायची म्हटली तरी दुसरा बघत असतो." लोक हसायचे. हसेनात का, बाईंचा एक सेंटीमीटर कधी चुकला नव्हता.

चुकलं ते भलतीकडेच.

किंमत काढायची रीत साधी होती. ज्या घराची किंमत हवी, त्याच्या आसपास अलीकडे विकली गेलेली तीन घरं शोधायची. ती काय भावाने गेली ते कागदावर बघायचं आणि आपलं घर त्यांच्याशी ताडून पाहायचं. एक खोली जास्त असेल तर किंमत वर, भिंतीला ओल असेल तर खाली. मोजायचं घर आतून बघायचं. ती तीन घरं मात्र रस्त्यावरूनच. त्यांच्या दारात कोणी जात नाही. ज्यांनी घेतलं त्यांनी घेतलं, त्यांना कशाला उठवायचं? खिडकीत पडदे आहेत, कुंड्यांना पाणी आहे, दिवा लागतो, म्हणजे घर नांदतं आहे. फोटो काढायचा आणि पुढे जायचं. सगळेच असं करतात, आणि सगळेच करतात म्हणून कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही.

शहराच्या कडेच्या शेवटच्या गल्लीमागे एका कंपनीने जमिनीतला गॅस काढायला विहीर खणली, त्याला तीन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर मनोरा, धूळ, ट्रक आणि ड्रिलचा खडखडाट यांनी गल्लीला जीव नकोसा केला. आता आपली घरं कोणी फुकट घेणार नाही, असं म्हणत लोक कपाळाला हात लावून बसले. मग मनोरा उतरला. कंपनीने मधे उंच झाडांची रांग लावली, हमरस्त्याच्या बाजूला फाटक केलं आणि फाटकावर पाटी लावली: जवळच्या घरापासून सहाशे मीटर. आणि नवल असं, की भाव पडायच्या ऐवजी चढले. गल्लीच्या टोकाची तीन घरं एकापाठोपाठ एक सव्वापट भावाने विकली गेली. बाईंनी ती तीन घरं धरली आणि दोन वर्षांत त्या गल्लीतल्या चौदा घरांच्या किमती काढल्या, एकाहून एक चढ्या. गल्लीने त्यांना डोक्यावर घेतलं. बाईंनाही बरं वाटलं, खोटं का बोला. टोकाकडून चौथं घर त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाचं होतं.

दादा रेडिओ दुरुस्त करायचे. आता दुकान बंद केलं होतं, पण घर म्हणजे दुकानच: टेबलावर उघडी पोटं घेऊन पडलेले रेडिओ, आणि त्यातला एक तरी कायम गात असायचा. त्यांनी घर विकायला काढलं होतं, कारण वहिनींना झोप लागत नव्हती. वर्ष होत आलं. डोकं दुखायचं, कान गच्च व्हायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी म्हणाले, जागा बदलून बघा. मुलगी दुसऱ्या शहरात होती, तिच्या जवळपास दोन खोल्या घ्यायच्या असं ठरलं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. नात्यातल्या घराची किंमत आपण काढायची नाही हा नियम, म्हणून बाईंनी ते काम हाताखालच्या माणसाकडे दिलं. त्याने अर्थात बाईंचीच तीन घरं धरली आणि छान किंमत लिहिली.

ते गिऱ्हाईक एक दिवस सकाळी बाईंच्या ऑफिसात येऊन उभं राहिलं. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. जिना चढून आलेल्या माणसाला आधी खुर्ची आणि मग पाणी द्यावं लागायचं. आलेली बाई नर्स होती, पायांत पांढरे बूट, सहावा महिना. ड्यूटी संपवून तशीच आली होती.

"मॅडम, एकच विचारायचं होतं. त्या घराच्या शेजारी कोण राहतं?"

"कुटुंब राहतं," बाई म्हणाल्या.

"कसलं? म्हणजे मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत?"

बाई अडखळल्या. "घर दोन वर्षांपूर्वी घेतलंय. चांगल्या भावाने घेतलंय."

"भाव कळला हो. माणसं कळेनात. मी तीनदा जाऊन आले. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा रविवारी. बाळ झाल्यावर मला शेजार लागणार, नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो. म्हटलं आधी ओळख करून घ्यावी. कोणी दारच उघडत नाही. पलीकडच्या दोन घरांतही तेच." तिने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "तुम्ही भेटला असाल ना त्यांना?"

"नाही. ती घरं आम्ही बाहेरूनच बघतो."

"अच्छा," नर्स म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आमच्याकडे पेशंट बाहेरून बघून चालत नाही."

ती गेली. बाईंनी फाइल उघडली, तिन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. पडदे, कुंड्या, दिवा. मग मागच्या वर्षीचे फोटो काढले. त्याच कुंड्या, त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. नांदत्या घरात कुंडी कधी एका जागी राहते? कोणीतरी पाय मारतं, कोणीतरी सायकल लावायला सरकवतं.  टेप खांद्याला लावली आणि त्या निघाल्या.

टोकाच्या घराची बेल त्यांनी दाबली. वाजलीच नाही. दार ठोठावलं, तर घराच्या मागून हातात पाण्याची नळी घेतलेला माळी आला.

"कोण पाहिजे, बाई?"

"इथे राहतात ते."

"इथे कोणी राहत नाही." माळी अगदी सहज म्हणाला. "तिन्ही घरं कंपनीची. मी मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. कुंड्यांना पाणी, पुढचं झाडणं. दिवे आपोआप लागतात. पडदे मात्र मी बदलतो, उन्हाळ्यात पातळ आणि थंडीत जाड. माझ्या स्वतःच्या घरात एकच पडदा आहे, तो पण लग्नातला."

"कंपनीने कशाला घेतली?"

"इथली माणसं फार भांडायची म्हणे. आवाज होतो, भिंतीला तडे जातात. एकाने तर रोज सकाळी फाटकावर जाऊन बसायचा नेम केला होता. मग दिले पैसे, सही घेतली, आणि बोलायचं नाही असं लिहून घेतलं. गल्ली ओसाड दिसली तर बाकीचे घाबरतील, म्हणून हे पडदे." त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुम्ही नातेवाईक का त्यांच्या?"

बाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. बाजारात कोणी आपखुशीने मोजलेला भाव म्हणून त्यांनी जो लिहिला, तो तोंड बंद करायचा भाव होता. आणि त्या भावावर त्यांनी चौदा घरं तोलली होती. कागदावर घेणाऱ्याचं नाव भलत्याच कुठल्या संस्थेचं होतं, हे खरं. पण दारावर एकदा हात मारला असता तर दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी चीड आली.

तिथून त्या थेट शेजारी दादांकडे गेल्या. दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते, रेडिओवर कसलंसं भाषण चालू होतं. वहिनी कपाळाला बाम चोळत होत्या.

"दादा, शेजारची तिन्ही घरं रिकामी आहेत."

दादांनी मान वर केली नाही. "बरं मग?"

"तुला माहीत होतं?"

"शेजार आहे माझा. मला नाही कळणार?"

"आणि मी गल्लीभर किमती लिहीत सुटले होते, तेव्हा तुला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू खोडल्या असत्यास. तुला ओळखतो मी, लहानपणी पट्टी घेऊन माझी भाकरी मोजायचीस."

"आधी तो रेडिओ बंद कर. नीट बोलू."

"वन्सं, राहू दे," वहिनी एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका घाबरा होता की बाई वळल्या, आणि वळता वळता हात लांब करून त्यांनीच बटण फिरवलं.

भाषण थांबलं, पण खोली गप्प झाली नाही. खालून कुठून तरी एक घुंघुं येत होती. कानाला आधी कळेना, पायाला कळली. कपाटातल्या काचेच्या ग्लासांना कापरं भरल्यासारखं झालं होतं. बाईंनी भिंतीवर तळवा टेकवला. ताप आलेल्या माणसाची नाडी लागावी तसं काहीतरी तळव्याला लागत होतं.

"हे काय आहे?"

"कॉम्प्रेसर," दादा म्हणाले. "गॅस पुढे ढकलतं ते मशीन. वर्ष झालं बसवून. रस्त्यावर उभं राहिलं तर गाड्यांच्या आवाजात कळत नाही. घरात शिरलं की भिंती धरतात. चोवीस तास."

"वहिनींचं डोकं..."

"मग दुसरं काय? झोप नाही तिला. म्हणून तर विकतोय."

बाईंना एकेक आठवायला लागलं. शिवणवालीच्या घरी रेडिओ. गणिताच्या सरांकडे रेडिओ. बेकरीवाल्याकडे रेडिओ, शिवाय पंखा आणि वर कुकरची शिट्टी. गेल्या वर्षभरात या गल्लीत ज्या ज्या घरी टेप धरली, तिथे तिथे काहीतरी गात नाहीतर घरघरत होतं. आणि सगळे रेडिओ एका जातीचे, जुने, लाकडी पेटीतले, दुरुस्त केलेले. दादा गल्लीला फुकट रेडिओ वाटतो म्हणून त्यांनी चारचौघांत किती कौतुक केलं होतं!

"ते रेडिओ तू वाटलेस."

"झोप यायला लोक मागायचे. त्या आवाजावर हा आवाज. तू येणार असलीस की जरा मोठे लावायचे, बस. मी कोणाला खोटं बोल म्हणून नाही सांगितलं."

"त्या पोरीला बाळ होणार आहे, दादा! ती इथे राहायला येणार आहे."

दादांनी स्क्रूड्रायव्हर आपटला. "आणि तुझी वहिनी इथे मरणार आहे का? ती बाहेरची पोरगी दिसते तुला, ही दिसत नाही? तू बहीण कोणाची आहेस, माझी का बँकेची?"

 बाईंनी वहिनींकडे बघितलं, त्या खाली मान घालून बाम चोळत होत्या. दादांनी रेडिओ परत लावला. बाई उठल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या. दादाशी त्या आयुष्यात पुष्कळदा भांडल्या होत्या, पण त्याच्या घरून चहा न घेता कधी निघाल्या नव्हत्या.

दोन दिवस त्यांनी पाटी पुसून नव्याने सुरुवात केल्यासारखं काम केलं. चौदाही फाइली काढल्या. परवान्याचे कागद सार्वजनिक असतात. ते मागवून वाचले. नियम पाचशे मीटरचा होता: त्याच्या आत वस्ती असेल तर कॉम्प्रेसर बसवता येत नाही. आणि कागदात अंतर लिहिलं होतं सहाशे. कुठून कुठपर्यंत, ते बारीक अक्षरात तळाला होतं: रिकामी तीन घरं सोडून दादांच्या घरापासून फाटकापर्यंत, म्हणजे हमरस्त्याला वळसा घालून. विहीर झाडांच्या रांगेमागे, आणि मोजलं होतं ते फाटक. बाई खुर्चीत ताठ बसल्या. मोजणीत केलेली लबाडी त्यांच्याइतकी कोणाला झोंबणार!

तिसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या आणि शाखेच्या साहेबांपुढे एक पत्र ठेवलं. चौदा अहवाल मी मागे घेते, पंधरावा माझ्या हाताखालच्या माणसाने माझ्याच तीन घरांवर केला, तोही धरू नये. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"टेपबाई, चूक तुमची नाही हो. पद्धतच तशी आहे."

"पद्धतीचा शिक्का नसतो, साहेब. माझा आहे."

"चौदा घरांची कर्जं त्यावर उभी आहेत. आमचं काय होईल, त्या लोकांचं काय होईल? आणि तुमचं? चौकशी लागेल. तोवर आमच्या यादीतून नाव काढावं लागेल. दोन वर्षं राहिली होती तुमची, शांतपणे गेली असती." साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पत्र बोटाने बाईंकडे सरकवलं. "आठवडाभर विचार करा."

"विचार करून आलेय," बाईंनी पत्र परत त्यांच्याकडे सरकवलं. "पोच द्या."

पोच घेऊन त्या थेट गल्लीत गेल्या. पत्र बँकेकडून येईल तेव्हा येईल; ज्यांच्या घराची किंमत आपण लिहिली, त्यांना ती चुकली हे आपल्या तोंडानेच सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. यादी गल्लीच्या सुरुवातीपासून केली. दादांचं घर सर्वांत शेवटी आलं, आणि तसं आलं म्हणून त्यांना जरा हायसंही वाटलं.

पहिल्या दारावर शिव्या मिळाल्या. दुसऱ्या दारावर दार तोंडावर आपटलं. बेकरीवाला म्हणाला, तुमच्या किमतीवर मी भट्टी वाढवली, आता भट्टीत तुम्हाला घालू का? बाई म्हणाल्या, घाला, पण आधी तो पंखा बंद करा आणि भिंतीला हात लावा. त्याने लावला, मग दुसराही हात लावला. गणिताच्या सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, सहाशे मीटरचा कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "विद्यार्थ्याने असं मोजलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं."

शिवणवाली मशीनवरून उठली नाही. "मग खरी किंमत किती माझ्या घराची?"

"आतून ऐकून कोणी घेतलं तर लिहिली होती त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त."

तिने पायडल थांबवलं. हातातल्या कापडाला गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "बरं झालं सांगितलंत. वर्षभर मला वाटत होतं, मलाच काहीतरी झालंय. प्रत्येकीला तसंच वाटत असेल. आम्ही एकमेकींना रेडिओ कुठे मिळतो ते सांगितलं, पण कशाला लागतो ते एकीनेही सांगितलं नाही." मग तिने वाकून रेडिओ बंद केला आणि पायांत चपला सरकवल्या. "चला, पुढच्या दाराला मी पण येते."

अशी माणसं मागे लागत गेली, काही भांडायला, काही बघायला, सर कागद घेऊन. दुपारी चारच्या सुमारास बाई दादांच्या दारात पोचल्या, तेव्हा मागे आठ-दहा जण होते. दार उघडंच होतं. आत टेबलावरचे रेडिओ बाजूला सारून कागद मांडले होते, वहिनींनी चहा ठेवला होता आणि समोर ती नर्स बसली होती. विसार द्यायला आली होती. हातात पाकीट होतं.

बाई उंबरठ्यावर थांबल्या. सांगायचं सगळं तोंडाशी आलं होतं, पण दादांकडे बघितलं आणि शब्द फुटेना. दादांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. एवढा वेळ जे धैर्य दारोदार पुरलं ते नेमकं इथे संपलं. ते पाकीट म्हणजे वहिनींची झोप होती. ती आपण आपल्या हाताने काढून घ्यायची?

दादांनी बहिणीकडे बघितलं, मग तिच्या मागच्या गर्दीकडे. त्यांना सगळं कळलं. नर्सने पाकीट पुढे केलं. दादांनी हात पुढे केला, आणि तो हात पाकिटापाशी न थांबता तसाच पलीकडे गेला. त्यांनी रेडिओ बंद केला.

 ग्लास किणकिणत राहिले. नर्सने आधी कपाटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"हे केव्हा थांबतं?" तिने विचारलं.

"थांबत नाही," वहिनी म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी परक्या माणसापुढे हे पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि म्हणून झाल्यावर त्यांना रडू फुटलं. "तू नको घेऊ गं बाई. मला जायचंय इथून, फार जायचंय. पण माझ्या जागी तुला ठेवून नाही."

नर्सने पाकीट पर्समध्ये ठेवलं, उठली आणि वहिनींच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला आणि सवयीने नाडी बघायला लागली.

दादा बराच वेळ टेबलावरचे स्क्रू एका वाटीत गोळा करत होते. सगळे गोळा झाल्यावर म्हणाले, "आता काय? घर विकत नाही, झोप मिळत नाही. तुझं खरं बोलून झालं. पुढे?"

"पुढे मोजायचं," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज परत आला होता. "पाचशेच्या आत घर असेल तर त्या मशीनला परवानगीच नाही. त्यांनी सहाशे लिहिलंय, फाटकापर्यंत. मी दारापासून विहिरीपर्यंत मोजणार आणि अहवालात लिहिणार. मग एक तर मशीन हलवा, नाही तर त्या तीन रिकाम्या घरांना जो भाव दिला तोच इथल्या भरल्या घरांना द्या. त्यांचाच भाव, त्यांनीच ठरवलेला."

"तुझा शिक्का तरी राहिलाय का?"

"यादीतून नाव गेलं. शिक्का माझाच आहे."

"आणि त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर परत मोजू. त्यांच्यासमोर."

दादांनी तिच्याकडे बघितलं. रागच होता अजून डोळ्यांत, तो काही एका दिवसात जाणारा नव्हता. पण त्यांनी हात पुढे केला. "आण ते टोक इकडे."

बाईंनी डबी उघडून शून्याचं टोक दादांच्या हातात दिलं. लहानपणी वडिलांची शिंपीकामाची टेप हे दोघं असेच अंगणात ताणायचे. दादा तेव्हाही टोक सोडायचे नाहीत, चिखलात पडले तरी. आता त्यांनी ते आपल्या उंबरठ्यावर टेकवून त्यावर अंगठा दाबला.

सरळ रेषा शेजारच्या तीन घरांच्या परसातून जात होती आणि परसाच्या दारांना कुलपं होती. शुक्रवार होता. माळी नळी टाकून आला, गर्दी बघून जरा बिचकला आणि मग कमरेची किल्ल्यांची जुडी काढली. "मला कुंड्यांना पाणी घालायचा पगार आहे," तो म्हणाला, "दारं अडवायचा नाही." तिन्ही दारं त्याने एकेक करून उघडली.

एक टेप झाली. जिथे तीस मीटर संपले तिथे शिवणवालीने खडूची रेघ मारली. कापडावर मारायची तशीच, बारीक आणि सरळ. दादा चालत आले आणि टोक त्या रेघेवर टेकवलं. दुसरी टेप. टेपेला झोल पडू नये म्हणून बेकरीवाल्याने ती मधे पेलून धरली, मघाच्या भट्टीबद्दल कोणी काही काढलं नाही. नर्स मागून सावकाश येत होती आणि प्रत्येक टेपेला आपल्या तळहातावर पेनाने एक काडी काढत होती. वॉर्डात कागद नसला की आम्ही असंच लिहितो, ती म्हणाली. चौथ्या टेपेला पडद्यांची शेवटची खिडकी मागे पडली. सहाव्या टेपेला झाडांची रांग आली, आणि रांगेतून आत शिरल्यावर घुंघुं पायातून छातीत आली. सातवी टेप संपली तेव्हा समोर तारेचं कुंपण होतं आणि त्यापलीकडे ती विहीर: नळ्या, चाकं, हिरवा रंग दिलेला लोखंडी खांब. एवढ्या त्रासाच्या मानाने फार छोटी दिसत होती.

आतून पहारेकरी ओरडत आला, इथे उभं राहता येणार नाही म्हणाला. "उभे नाही राहत," बाई म्हणाल्या, "मोजतोय." त्यांनी कुंपणातून टेप सरकवली, टेपेची डबी खांबाखालच्या सिमेंटला टेकवली आणि वाकून आकडा वाचला. मग पहारेकऱ्यालाही वाचायला लावला. त्याने वाचला: चार. सात टेपा आणि वर चार मीटर.

"दोनशे चौदा," सर म्हणाले. "सहाशेपैकी दोनशे चौदा."

बाईंनी काखोटीला मारलेली फाइल उघडली. अहवालाच्या छापील कागदावर अंतराची तीन घरं होती: शाळा, दवाखाना, बसथांबा. सव्वीस वर्षं त्या तीनच भरत आल्या होत्या. त्यांनी खाली पट्टीने एक रेघ ओढून चौथं घर केलं आणि त्यात लिहिलं: गॅसची विहीर, २१४ मीटर. मोजणाऱ्याच्या जागी सही केली, शिक्का मारला. मग कागद दादांपुढे धरला. टोक धरणाऱ्याची सही आजवर त्यांनी कधी घेतली नव्हती. तेवढी जागाही कागदावर नव्हती, ती समासात करावी लागली.

दादांनी सही केली. आकडा पुन्हा एकदा वाचला. या आकड्याने त्यांच्या घराची किंमत निम्म्यावर आणली होती, आणि तो त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरून मोजू दिला होता. मग पेनाला टोपण लावून ते परत केलं. 

"झालं?" पहारेकरी म्हणाला. "आता निघा."

"झालं कसलं," दादांनी टेपेचं शून्याचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि गल्लीकडे चालायला लागले. "हे एका दाराचं झालं. अजून चौदा दारं आहेत. चल गं, सोड टेप."